थाई कोंबडीत दोन तांबे पाणी

वारजे, पुणे
मंगळवार, १५ फेब्रुवारी २००५

तीर्थरूप द्वारकाआक्कास,

धाकट्या वैजनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (सध्या ते समोरासमोर ठेवलं तर तू पाय मागे घेशील अशी शंका आहे, म्हणून टपालाने ठेवतो आहे.) तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस, की कपाटात ठेवून आल्यागेल्याला "पुण्याहून भावानं धाडलं" म्हणून नुसतं दाखवतेस? भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, विडी गोठ्यामागे ओढली तरी खोकला घरात येऊनच काढावा लागतो, तेव्हा लपून काही उपयोग नाही. तुझ्या सासूबाई, सरुबाई, कशा आहेत? कानाचं यंत्र कानात बसवतात, की अजून देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात? म्हैस व्याली का? रेडकू काय झालं ते कळव. तूर घरात आली का? इकडे माझी साखर ताब्यात आहे, म्हणजे डब्याची चावी नंदाच्या ताब्यात आहे. तिची कंबर सकाळी दुखते, दुपारी विसरते. तुझा योगेश खुशाल आहे. वजन थोडं वाढलं, बोलणं अजून वाढलेलं नाही (रविवारी मात्र वाढलं, ते पुढे येईलच). आणि आता सगळ्यांत शेवटी विचारतो, कारण सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच आहे: तुझा राग कसा आहे? काही उतार पडला का?

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुमच्याकडचा फोन किराणा दुकानात, आणि तू रागात बोललीस की फोनची गरजच उरत नाही, शेजारच्या गावातली माणसं ओट्यावर येऊन उभी राहतात. म्हणून लिहितो. हळूहळू वाच, मधेच सोडू नकोस.

तुझा राग कशाचा ते मला मान्य आहे. मुलीकडची माणसं मुलाच्या घरी येणार, मुलगा चुलीपुढे उभा राहणार, आणि मुलगी खुर्चीवर बसून त्याला पाहणार, असल्या उलट्या वरातीला मी येणार नाही, असं तू सांगितलंस आणि खरोखरच आली नाहीस. बरोबर आहे. मीही आधी हेच म्हणालो होतो. पण आक्का, सुलट वराती आपण चार काढल्या की. चार ठिकाणी योगेशला घेऊन मी गेलो, चारही ठिकाणी कांदेपोहे खाल्ले, आणि चारही ठिकाणी हा बशीत मान घालून बसला. कोथरूडच्या एका बाईंनी तर नंतर निरोप पाठवला, मुलगा सज्जन आहे, पण त्याने पोह्यांतल्या शेंगदाण्यांशिवाय कुणाकडे पाहिलं नाही. पुण्याची माणसं अपमानसुद्धा मोजून मापून करतात, मागे काही शिल्लक ठेवत नाहीत. आता पोराला बत्तिसावं लागलं. तू दर पत्रात एकच प्रश्न विचारतेस, आणि मी दर पत्रात विषय बदलून पावसावर जातो. असं किती दिवस चालणार होतं?

तर हे पाचवं स्थळ. मुलीचं नाव राजनंदिनी, राहणार बिबवेवाडी. माणसं मूळची हिंगोलीकडची, म्हणजे आपल्यासारखीच पोटासाठी पुण्यात आलेली. वडील दशरथराव, मंडपाचं सामान भाड्याने देतात. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. या आत्या दुर्गाबाई, त्यांच्याविषयी पुढे. मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. मी योगेशला विचारलं, टेस्टर म्हणजे काय? तर म्हणे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधून काढायच्या आणि लिहून ठेवायच्या, त्याचाच पगार. (आपल्याकडे हे काम सासवा पिढ्यान् पिढ्या फुकट करत आल्या. तुला उद्देशून म्हणत नाही.)

या मुलीने वधूवर मंडळाकडून नंबर मिळवून योगेशला स्वतः फोन केला. म्हणाली, "मी आत्तापर्यंत सहा वेळा पोहे केले. सहाही वेळा चांगले झाले. सहाही वेळा माझ्याबद्दल कुणाला काही कळलं नाही आणि मलाही कुणाबद्दल काही कळलं नाही. या वेळी तुम्ही काहीतरी करा, आम्ही खायला येतो." योगेश म्हणाला, "बरं." त्याच्या रोजच्या तीन शब्दांतला एक त्याने तिथे खर्च केला, आणि घरी येऊन मला सांगायला दुसरा. तिसरा तुला फोनवर सांगताना गेला. मग पुढे सगळं तुझंच बोलणं झालं.

आता याला येतं काय, तर ऑम्लेट. तेही पलटताना फुटतं. म्हणून त्याने ऑफिसातल्या संगणकावरून एक कागद छापून आणला: थायलंडच्या पद्धतीची परतलेली कोंबडी, पंधरा मिनिटांत तयार. त्याचा हिशेब असा की जेवढा वेळ कमी तेवढं बिघडायला वाव कमी. मी म्हटलं, अरे, आपल्या गावाकडे पंधरा मिनिटांत तर कोंबडी सापडतसुद्धा नाही, शिजायची गोष्टच दूर! पण कागद हातात घेतला आणि माझा जुना स्वभाव जागा झाला. तुला ठाऊक आहे, आठवीनंतर माझी शाळा सुटली, पण फुटपाथवर घेतलेल्या डिक्शनरीच्या जोरावर मी कारखान्यात लेथचे इंग्रजी कागद वाचायला शिकलो आणि सेटर झालो. चौतीस वर्षं हेच केलं: कागद घ्यायचा, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर ते पाहायचं, मगच मशीनला हात लावायचा. कोंबडीचा कागद मी तसाच वाचला, दोन संध्याकाळी, पेन्सिलने खुणा करत. आणि माझ्या लक्षात आलं की यात काही जादू नाही. सगळं आधी चिरून, मोजून, वाट्यांत भरून रांगेने ठेवायचं. आच मोठी करायची. मग एकामागून एक कढईत टाकायचं आणि हात थांबवायचा नाही. बस. कारखान्यातही असंच होतं, काम दोन मिनिटांचं आणि सेटिंगला अर्धा दिवस. कागदावर मात्र नुसती दोन मिनिटंच लिहितात.

सामान गोळा करण्यात आठवडा गेला. खाटकाला म्हटलं हाडं काढून पट्ट्या करून दे, तर तो म्हणाला, "काका, हाडं काढल्यावर चघळायचं काय, पट्ट्या?" ढोबळी मिरची, आलं, लसूण घरचंच. गवती चहा लागतो म्हणे. तो आपण चहात टाकतो, ते कोंबडीत टाकतात, ज्याची त्याची रीत. सोयाबीनचं काळं पाणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. पण माशाचं पाणी काही मिळेना. हो, माशाचं पाणी. मासे मिठात महिनोन् महिने मुरवून त्याचा रस काढतात आणि मीठ म्हणून घालतात. योगेशने ते कॅम्पातल्या एका दुकानातून आणलं, आणि घरात बाटली नुसती पिशवीतून काढली, उघडलीसुद्धा नाही, तर नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक तर ती बाटली या घरात राहील, नाही तर मी." बाटली माझ्या स्कूटरच्या डिकीत राहायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन पाहतो, तर सोसायटीतली झाडून सारी मांजरं माझ्या स्कूटरभोवती मांडी घालून बसलेली, कीर्तन सुरू व्हायची वाट पाहावी तशी. वॉचमन म्हणाला, काका, गाडीत काय आहे? मी म्हटलं, भाच्याचं लग्न आहे. त्याला काही कळलं नाही, पण त्याने मांजरं हाकलली.

नंदाची अडचण तुला माहीत आहे. तिने माळ घातली त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याकडे कोंबडी गॅलरीत शिजते: वेगळी कढई, वेगळं उलथनं, आणि पंपाचा जुना स्टो. गॅलरीतच तुळशीची कुंडी, म्हणून आधी तुळस घरात यायची, मग कोंबडी बाहेर जायची. त्या दोघींची गाठ पडू द्यायची नाही असा आमचा करार आहे. आणि नेमका या कागदात शेवटचा पदार्थ काय निघावा? तुळस! म्हणजे थायलंडातली तिची जात. योगेशने फार अदबीने विचारलं, "मामी, दहा-बारा पानं मिळतील का?" नंदा वाती वळत होती. वर न पाहता म्हणाली, "आधी माझ्या तोंडात ठेवा, मग कोंबडीत ठेवा." विषय संपला. पण आक्का, ही बाई कशी आहे बघ. दुसऱ्या दिवशी मंडईतून आली ती पिशवीतून एक हिरवी जुडी काढून योगेशपुढे टाकली. फुलवाल्या गजऱ्यात घालतात तो सब्जा. म्हणाली, "ही तुळशीची चुलत बहीण. हिने माळ घातलेली नाही. घाल." योगेशने कागदावरच्या चित्राशी पान ताडून पाहिलं, वास घेतला, आणि मामीच्या पायाच पडला. माळकरी बाईने कोंबडीची सोय करावी, यापेक्षा मोठा आशीर्वाद कोणता?

गुरुवारी आम्ही नमुना करून पाहिला. योगेश गॅलरीत स्टोपुढे, मी शेजारी घड्याळ घेऊन. पंपाच्या स्टोची आच अशी की कढई लालबुंद, नुसता चर्र आवाज, आणि हा पोरगा दोन्ही हातांनी परततो आहे. घाम, धूर, आणि तोंडावर हसू. बत्तीस वर्षांत मी त्याला काही करताना असं हसताना पाहिलं नव्हतं. चौदा मिनिटं! चाखून पाहिलं आणि मी खरं सांगतो, चांगलं झालं होतं. आंबट, तिखट, थोडं गोड, कोरडं, चमकदार. रस्सा नावाला नाही. मला तेवढंच खटकलं, पण कागदातच नव्हता तर काय बोलणार.

आता रविवार. ते तिघे येणार होते: मुलगी, वडील, आत्या. तिघांच्या आणि आमच्या मिळून पाच खाणाऱ्यांच्या मानाने पाऊण किलो पट्ट्या आणल्या होत्या. सकाळी अकराला खाली मंडपाचा टेंपो थांबला. पुढून तिघे उतरले. मी गॅलरीतून मोजतो आहे तोवर मागचं फळकूट पडलं आणि आणखी चौघं उतरले: एक काका, एक काकू, एक मावसभाऊ, आणि एक गृहस्थ जे कोण होते ते मला अजून कळलेलं नाही. एकूण सात. दशरथराव मोठे मोकळे माणूस. वर आले, आमच्या खोलीत चारच खुर्च्या पाहिल्या, आणि म्हणाले, "काळजी करू नका, खुर्च्या आपल्याच आहेत." टेंपोतून सहा खुर्च्या वर आल्या. दार उघडंच होतं, समोरच्या बिऱ्हाडाला वाटलं सोसायटीची मीटिंग आहे, तेही येऊन बसणार होते, त्यांना नंदाने कसंबसं परत पाठवलं.

योगेश गॅलरीत होता. सगळ्या वाट्या रांगेत, स्टो गर्जतोय, कोंबडी कढईत पडली, वास घरभर. सगळं कागदाबरहुकूम. इतक्यात आतून दुर्गाबाईंचा आवाज आला, "अहो, मुलाला जरा बाहेर तर धाडा! का त्याला कोंबडीबरोबरच वाढणार आहात?" योगेशने उलथनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मामा, दोन मिनिटं. नुसतं हलवत राहा. दुसरं काही करू नका." आणि गेला.

आक्का, मी हलवत होतो. देवाशप्पथ हलवत होतो. पण गॅलरीचं दार काचेचं, आणि काचेपलीकडे सात पाहुणे, सगळे तोंड गॅलरीकडे करून बसलेले. कढईत पाहावं तर मूठभर पट्ट्या, त्याही आक्रसत चाललेल्या. आम्ही दोघं जेवलो नाही तरी ते सात. वाढलं तर प्रत्येकाला चार तुकडे यायचे. आपल्या घरून कुणी पाहुणा चार तुकड्यांवर उठून गेल्याचं तुला आठवतं? मला नाही आठवत. मला फक्त आपली आई आठवली, आणि तू आठवलीस, आणि दारात माणूस दिसलं की तुमचे हात कुठे जायचे ते आठवलं. माझा हात तिथेच गेला. एक तांब्या पाणी ओतलं. ते पुरेसं दिसेना, म्हणून दुसरा. मग नुसतं पाणी कसं दिसेल? तू दिवाळीत पाठवलेला काळा मसाला गॅलरीत कोंबडीच्या सामानाबरोबरच ठेवलेला होता, त्याचे तीन चमचे. आच कमी केली. वर ताट झाकलं, आणि ताटात पाणी ठेवलं. हे सगळं होईपर्यंत मी काय करतो आहे ते मला समजलंसुद्धा नाही. हात जुने, डोकं तेवढं नवं, आणि डोकं उशिरा पोचलं.

योगेश परत आला. झाकण पाहिलं. झाकणावरचं पाणी पाहिलं. "मामा," म्हणाला, आणि पालथ्या बादलीवर बसला. मी ताट उचललं. जिथे कोरड्या चमकदार पट्ट्या हव्या होत्या तिथे तळं, आणि तळ्यात ढोबळी मिरचीच्या होड्या. मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की चार स्थळं याने मान खाली घालून घालवली, आणि पाचव्या वेळी बिचाऱ्याने मान वर केली तर मी ते स्थळ दोन तांबे पाण्यात बुडवलं. मी म्हटलं, योगेश, मीच आत जाऊन सांगतो. तो उठला. बोटाने रस्सा चाखला. पुन्हा चाखला. सब्ज्याची पानं वरून टाकली, कढई फडक्याने धरली आणि आत घेऊन गेला.

आणि सगळ्यांपुढे उभा राहून तुझा मुलगा बोलला. मी मोजत नव्हतो, पण तीन शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त होते. म्हणाला, "मला जे करायचं होतं ते हे नाही. ते कोरडं असतं. यात पाणी पडलं आहे. पण चाखून पाहिलं, वाईट लागत नाही. वाढू का?"

मुलीच्या हातात आमचा कागद होता, माझ्या पेन्सिलच्या खुणांसकट. खुर्चीवरून कधी उचलला कोण जाणे. तिने विचारलं, "पाणी यात कुठे आहे?" योगेश म्हणाला, कागदात नाही. "मग कुणी घातलं?" योगेश म्हणाला, "स्वयंपाक माझा आहे." आता माझ्याने राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, बाई, पाणी मी घातलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "का?" रागाने नाही हां, डॉक्टर विचारतात तसं. मी म्हटलं, माणसं वाढली.

 दशरथराव खाली खुर्च्यांच्या पायांकडे पाहू लागले. मुलीने पर्समधून पेन काढलं आणि कागदाच्या खाली काहीतरी लिहिलं. चुका लिहून ठेवायचा तिचा धंदाच, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, नापास. (तो कागद नंतर मी डिक्शनरी घेऊन वाचला. इंग्रजीत आहे, अर्थ असा: तिघे सांगून सात आले तर काय करायचं ते या कागदात दिलेलं नाही. चूक कागदाची आहे.) पेन ठेवलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, काका. वाढा."

पुढची गंमत ऐक. दुर्गाबाईंनी पहिला घास घेतला आणि भात बाजूला सारून म्हणाल्या, "अहो, असल्या रश्श्याबरोबर भाकरी नाही?" नंदा, जी सकाळपासून पदर नाकाला लावून देवघराच्या बाजूला बसली होती, ती उठली, ज्वारीचं पीठ घेतलं आणि थापायला बसली. एकवीस भाकरी केल्या. कमरेचं नाव काढलं नाही. थायलंडचा गवती चहा, माशाचं पाणी, आणि तुझा काळा मसाला या तिघांचं इतकं जमलं की ते कोण ते न कळलेले गृहस्थ तीनदा रस्सा मागून घेऊन गेले. शेवटी दुर्गाबाईंनी विचारलं, हा मसाला कुणाच्या हातचा? मी छाती काढून सांगितलं, मुलाच्या आईच्या. तर लगेच, "मग आई कुठाय?" याला मी काय उत्तर दिलं ते शेवटी लिहितो. इथेच लिहिलं तर तू पत्र खाली ठेवशील.

जेवणं झाल्यावर पोरगी आपणहून गॅलरीत गेली. स्टो कसा पेटवतात ते पाहायचं होतं म्हणे. योगेश दाखवायला गेला. स्टो पेटवायला फार तर दोन मिनिटं लागतात. ते दोघं तिथे पाऊण तास होते. मी काचेतून पाहिलं (पाहायला नको होतं, पण काच आहे ती पाहण्यासाठीच), तर आपल्या योगेशचं तोंड सारखं चालू होतं, हात हलत होते, आणि ती कपाळावर आठी घालून ऐकत होती, आणि मधेच आठी मोडून हसत होती. आक्का, गेल्या बत्तीस वर्षांचे साठलेले शब्द असणार ते. मला तू तिथे हवी होतीस. एवढंच मनापासून वाटलं, बाकी सगळं ठीक.

काल सोमवारी संध्याकाळी दशरथरावांचा फोन आला. म्हणाले, मुलीला मुलगा पसंत आहे. नंदाने देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर मलाही दिली. तेव्हा आता राग सोड. भाऊजींना नमस्कार सांग, सरुबाईंना यंत्र लावून नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक (तुला पटणार नाही, तरी)
वैजनाथ

ता. क. वर "मुलीला मुलगा पसंत आहे" असं लिहिलं, ते दशरथरावांचं अर्धं वाक्य आहे. त्यांनी "पण" म्हणून फोन मुलीकडे दिला. ती म्हणाली, "काका, योगेश मामाच्या गॅलरीत स्वयंपाक करतात ते मी पाहिलं. आईच्या स्वयंपाकघरात करतात का ते पाहायचं आहे. आमच्या कंपनीत असं फार होतं, एका मशीनवर उत्तम चालतं आणि दुसऱ्यावर बंद पडतं. तिथेही चाललं तर माझं हो." आता तुझं स्वयंपाकघर मला माहीत नाही का? भाऊजी चाळीस वर्षांत त्याच्या उंबऱ्याच्या आत आले ते फक्त तू बाळंतपणाला माहेरी गेलेली असताना, आणि तेही सरुबाईंची परवानगी घेऊन. म्हणजे होकार द्यायचा की नाही ते खरं तर ती पोरगी ठरवणार नाही. तूच ठरवणार.

ता. क. दोन. दुर्गाबाईंनी "आई कुठाय" विचारलं तेव्हा मी सांगितलं की तूर काढायची म्हणून आली नाही, पण तिने तुम्हा सगळ्यांना अगदी आग्रहाने गावी बोलावलं आहे, तसं पत्रच आलं आहे. असं पत्र आलेलं नाही हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि पोस्टमनला ठाऊक आहे. बाकी कुणाला कळू नये एवढी विनंती. राजनंदिनी, दुर्गाबाई, योगेश आणि सोबतीला नंदा, असे चौघे येत्या शनिवारी, १९ तारखेला सकाळी, कारंज्याच्या स्टँडवर उतरतील. दारात "माझं पत्र मिळालं ना?" एवढं तू विचारलंस की झालं.

ता. क. तीन, आणि खरं सांगायचं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. शनिवारी योगेश तुझ्या चुलीपुढे बसेल तेव्हा तू बाहेर बाजेवर बस. उलथनं त्याच्या हातातून घेऊ नकोस. "सर बाजूला, तुला नाही जमायचं," म्हणू नकोस. करपलं तर करपलं म्हण, खारट झालं तर खारट म्हण, पण बसून म्हण, आणि वाढेल तेवढं खा. एक दिवस, आक्का. मग त्याला जन्मभर कुणीतरी जेवलास का म्हणून विचारणारं मिळेल, आणि तोही कुणाला तरी विचारेल. हे पत्र तुझ्या हाती शुक्रवारी पडेल, म्हणजे "येऊ नका" लिहायला तुला वेळ उरत नाही, हे मी तारीख पाहूनच केलं आहे. तरी उत्तर लवकर लिही, लगेच टपालात टाक. रागाचं असलं तरी चालेल, पण लवकर लिही. येत्या सोमवारपासून मी खाली जिन्यात पत्रपेटीपाशीच उभा असेन असं समज.